वर्गातील यंत्र आणि शिक्षकाचे टाचण : एका दुर्लक्षित इतिहासाविषयी

१

शाळेत नवी वस्तू आली की तिची पहिली नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत होते. वस्तूचे नाव, नग, किंमत, आल्याची तारीख व मुख्याध्यापकांची सही एवढा मजकूर त्या नोंदीत असतो. त्या वस्तूचा उपयोग करून शिक्षकाने काय शिकविले, याची नोंद झालीच तर ती त्याच्या टाचणवहीत होते. पहिली वही तपासणीसाठी वर्षानुवर्षे जपून ठेवली जाते. दुसरी बहुधा वर्ष संपताच रद्दीत जाते. वर्गातील यंत्रांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाची मुख्य अडचण या एका गोष्टीत सामावलेली आहे. यंत्रे किती आली हे त्याला सांगता येते. त्यांचे पुढे काय झाले हे सांगणे कठीण जाते. परिणामी हा इतिहास खरेदीचा इतिहास होऊन बसतो आणि ज्याच्या हातून यंत्राचे शैक्षणिक साधनात रूपांतर व्हावयाचे, तो शिक्षक त्यातून नाहीसा होतो.

प्रस्तुत लेखात भारतातील काही प्रसंग कालानुक्रमे घेऊन, प्रत्येक ठिकाणी शिक्षकाचे स्थान काय होते एवढाच प्रश्न विचारावयाचा आहे. दूरचित्रवाणी व संगणक हे त्याचे मुख्य विषय होत. परंतु प्रश्नाचे मूळ त्यांहून जुने असल्यामुळे आरंभ थोडा मागून करणे इष्ट ठरेल.

२

पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवीत असे. लाकडी पाटीवर धूळ पसरावयाची, बोटाने वा काडीने अक्षर काढावयाचे आणि पाटी हलवून ते पुसावयाचे, ही रीत देशाच्या अनेक भागांत रूढ होती. इ.स. १७८९ मध्ये मद्रास येथील अनाथ मुलांच्या आश्रमाची व्यवस्था अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. एका देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या आश्रमात सुरू करण्याचे ठरविले. हाताखालच्या शिक्षकांना ती पसंत पडली नाही; असे शिकविणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा बेलने सुमारे आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्याकडे तो वर्ग सोपविला. या प्रसंगातून, मोठ्या मुलांनी लहानांस शिकवावे, ही पुढे ‘मद्रास पद्धत’ म्हणून ओळखली गेलेली व्यवस्था आकारास आली. १७९७ साली बेलने लंडनमध्ये आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडमधील असंख्य गरीब मुलांचे शिक्षण या धर्तीवर होऊ लागले. तेथून ती कल्पना पुन्हा हिंदुस्थानात आली. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातील नव्या मराठी शाळांच्या योजनेतही तिचा प्रभाव दिसतो.

धूळपाटीस यंत्र म्हणता येणार नाही हे उघड आहे. तथापि या प्रसंगात पुढील दोन शतकांचा एक आकृतिबंध प्रथम दिसतो. नवे साधन येते, शिक्षक त्याविषयी साशंक असतो, आणि व्यवस्थापक त्याची शंका समजून घेण्याऐवजी त्याला वगळण्याचा मार्ग शोधतो. मद्रास पद्धतीचे आकर्षण पुष्कळसे तिच्या स्वस्तपणात होते. एका शिक्षकाच्या वेतनात शेकडो मुले शिकतील, हे तिचे आश्वासन होते. हेच आश्वासन पुढे प्रत्येक यंत्राने दिले आहे.

३

स्वतंत्र भारतात शाळेसाठी यंत्राचा सर्वांत मोठा प्रयोग ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. १९६९ साली भारत व अमेरिका यांच्यात झालेल्या करारानुसार एटीएस-६ हा अमेरिकन उपग्रह एक वर्षासाठी भारताच्या उपयोगास देण्यात आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. कल्पना विक्रम साराभाई यांची. त्यांच्या निधनानंतर ती प्रत्यक्षात आणणाऱ्यांमध्ये यशपाल यांच्याबरोबर एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाचा वाटा मोठा होता. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्याचे काम मुंबईत झाले.

सकाळचे कार्यक्रम प्राथमिक शाळेतील मुलांसाठी असत. त्यांच्या परिणामांची जी पाहणी झाली तीत मुलांची हजेरी वा शाळागळती यांवर विशेष परिणाम आढळला नाही. भाषेच्या विकासात मात्र लाभ दिसून आला. हा निष्कर्ष सौम्य असला तरी प्रामाणिक आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने साइटचा अधिक महत्त्वाचा भाग निराळाच होता. सुट्टीच्या काळात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानविषयक प्रशिक्षणाचे बारा-बारा दिवसांचे वर्ग दोन वेळा याच यंत्रणेतून घेण्यात आले आणि हजारो शिक्षक त्यांत सहभागी झाले. दूरचित्रवाणीबरोबर आकाशवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती यांची तेथे सांगड घातलेली होती. म्हणजे यंत्र शिक्षकाच्या जागी न बसविता शिक्षकाच्या शिक्षणासाठी वापरण्याचा विचार १९७५ सालीच झालेला होता. वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपकांच्या साहाय्याने कार्यक्रम चालू राहिले.

पुढे इन्सॅट उपग्रहांच्या काळात काही राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करणाऱ्या संस्था निघाल्या. १९८४ साली पुण्यात सुरू झालेली ‘बालचित्रवाणी’ ही त्यांपैकी एक. मराठी मुलांच्या एका पिढीने तिचे कार्यक्रम पाहिले. २०१७ साली ती बंद करण्यात आली.

४

संगणकाचा शालेय प्रवेश १९८४-८५ या वर्षी ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला. शाळांतून संगणक-साक्षरता व संगणकाचा अभ्यास, असा त्या संक्षेपाचा आशय. यासाठी निवडलेले यंत्र बीबीसी मायक्रो हे होते. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनविलेले हे यंत्र ब्रिटनमध्ये १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आले होते आणि ते बीबीसीच्या संगणक-साक्षरता मोहिमेचा भाग होते. तेथे यंत्राबरोबर दूरचित्रवाणीची मालिका होती, पुस्तके होती आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र सरकारी योजना होती. भारतात यंत्र आले. त्याभोवतीची ही परिस्थिती त्याच्याबरोबर येणे शक्य नव्हते.

प्रकल्पात सुमारे १२,००० यंत्रे राज्य सरकारांमार्फत शाळांना वाटण्यात आली. १९९३ नंतर ही योजना केंद्रपुरस्कृत झाली, तेव्हा बीबीसी मायक्रो असलेल्या जुन्या शाळांची संख्या २,३७१ दिली जाते. या दोन आकड्यांचा ढोबळ भागाकार केल्यास एका शाळेच्या वाट्यास पाच यंत्रे येतात. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गास पाच यंत्रे, ती निराळ्या खोलीत, आज्ञावली इंग्रजीत, आणि शिकविणारा शिक्षक अल्पमुदतीचा अभ्यासवर्ग करून आलेला. या परिस्थितीत भूगोलाच्या वा गणिताच्या शिक्षकाने यंत्राचा आपल्या विषयासाठी उपयोग करावा, ही अपेक्षा कशी पुरी व्हावी? संगणक विषयांच्या अध्यापनात मुरण्याऐवजी स्वतःच एक विषय होऊन बसला.

येथे त्याच काळातील दुसऱ्या एका योजनेचे स्मरण करणे उचित होईल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली ‘खडू-फळा’ मोहीम हाती घेण्यात आली. प्रत्येक प्राथमिक शाळेत निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे यांसारखे किमान साहित्य असावे, हे तिचे उद्दिष्ट. एकाच दशकात एकाच देशाच्या सरकारला काही शाळांत संगणक आणि पुष्कळ शाळांत फळा पोहोचवावयाचा होता. यात कोणाचा उपहास करण्याचे कारण नाही; दोन्ही योजनांमागे सद्भाव होता. पण संगणकाचा इतिहास लिहिताना फळ्याचा इतिहास वगळला, तर तो अर्धवट राहतो.

अमेरिकन इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शिक्षक आणि यंत्रे’ या आशयाच्या ग्रंथात चित्रपट, आकाशवाणी, दूरचित्रवाणी व संगणक यांचा १९२० पासूनचा इतिहास तपासला आहे. शिक्षक यंत्र नाकारतो ते आळसामुळे वा अज्ञानामुळे नव्हे. वर्गाची संख्या, तासिकेची मर्यादा आणि पुरा करावयाचा अभ्यासक्रम यांच्या चौकटीत जे साधन बसते ते तो स्वीकारतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. खडू-फळा टिकला तो याच कारणाने. तो कोणत्याही क्षणी हाताशी असतो, तो बिघडत नाही आणि त्यावर काय लिहावयाचे हे शिक्षक स्वतः ठरवितो.

५

२००४ च्या डिसेंबरात क्लासची जागा माध्यमिक शाळांसाठीच्या नव्या केंद्रीय योजनेने घेतली. अनेक राज्यांनी, आणि त्यांत महाराष्ट्रानेही, खाजगी कंपनीने यंत्रे बसवावी, काही वर्षे चालवावी आणि मुदतीअखेर शाळेच्या स्वाधीन करावी अशी पद्धत पत्करली. या पद्धतीत यंत्राबरोबर त्याचा शिक्षकही कंत्राटाने येत असे. संगणककक्षाची किल्ली त्याच्यापाशी. शाळेच्या नेहमीच्या शिक्षकाचा त्या कक्षाशी संबंध तुटपुंजा. मुदत संपली की यंत्र जडवस्तुसंग्रहात राहते, आणि ते चालविण्याचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे तो माणूस शाळेबाहेर जातो. बेलने शिक्षकास वगळून वर्ग विद्यार्थ्याकडे दिला होता. येथे तो कंत्राटदाराकडे गेला.

केरळने याच सुमारास निराळा मार्ग धरला. २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पात शाळांतील विषयशिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्यातून प्रशिक्षक तयार करण्यात आले, आणि प्रत्येक शाळेतील समन्वयकही तेथीलच शिक्षक असे. मुक्त आज्ञावलींचा स्वीकार केल्यामुळे मल्याळम भाषेची सोय करून घेणे आणि आवश्यक ते फेरबदल करणे शिक्षकांच्या आवाक्यात आले. या प्रकल्पाचे २०१७ साली ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. केरळची साक्षरता आणि तेथील सार्वजनिक शाळांची भक्कम परंपरा यांचा या यशात वाटा आहे, हे मान्य करावे लागेल. तेव्हा दोन राज्यांची सरळ तुलना करणे धोक्याचे. तरीसुद्धा शिक्षकावर केलेला खर्च शाळेतच राहिला, एवढे निरीक्षण निर्विवाद आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे नोंदविण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांच्या वर्गातील मुलांची घरची भाषा कानडी होती आणि पाठ्यपुस्तक त्या भाषेत नव्हते. ही अडचण यंत्राने निर्माण केलेली नव्हती, किंवा केवळ यंत्राने सुटणारीही नव्हती. शिक्षकाने आधी मुलांची भाषा आत्मसात केली, पाठांचे भाषांतर केले आणि मग पुस्तकाच्या पानावर क्यूआर संकेत छापून त्यातून कविता, चित्रफिती व पाठ मुलांपर्यंत पोहोचविले. २०१७ साली राज्याने पाठ्यपुस्तकांत असे संकेत छापण्याचे धोरण जाहीर केले. २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांत वाटून दिली. येथे क्रम उलटा आहे, आणि तोच अभ्यसनीय आहे. प्रथम अडचण, नंतर शिक्षकाचा विचार, आणि शेवटी साधन.

६

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आला. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते. २०२१ साली ते ६७.६ टक्के झाले. हा आकडा पुन्हा जडवस्तुसंग्रहाचाच आहे. फोन घरात असणे आणि तो मुलाच्या हातात असणे यांत अंतर असते; हातात असणे आणि त्यातून शिकणे यांत आणखी अंतर असते. ते अंतर त्या दिवसांत ज्यांनी फोन करून, वाडीवस्तीवर जाऊन, ओट्यावर पाच-सात मुले बसवून भरून काढले, त्या शिक्षकांच्या कामाची नोंद कोठे आहे?

आता वर्गात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने येऊ लागली आहेत आणि शिक्षकाची उणीव भरून काढण्याचे जुने आश्वासन नव्या शब्दांत ऐकू येत आहे. इतिहास त्याविषयी भविष्य सांगू शकत नाही. परंतु वरील प्रसंगांवरून प्रत्येक नव्या साधनाला विचारावयाचे तीन प्रश्न मात्र तो देतो. हे साधन शिक्षकाच्या कोणत्या अडचणीतून निर्माण झाले? ते बिघडल्यास वा बदलावयाचे झाल्यास शाळेत कोणाला ते करता येईल? आणि योजनेची मुदत संपल्यावर शाळेत काय उरेल?

या प्रश्नांची भूतकाळापुरती उत्तरे शोधावयाची, तर साधनसामग्री जमविण्याचे काम आजच हाती घेतले पाहिजे. क्लास प्रकल्पात शिकविणारे बहुतेक शिक्षक आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या मुलाखती, शाळांची शेरेबुके, प्रशिक्षणवर्गांतील वह्या आणि जेथे सापडतील तेथे टाचणवह्या यांचा जिल्हावार संग्रह करणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. एका तालुक्यातील पाच शाळांपासून आरंभ केला तरी पुरे. जडवस्तुसंग्रहाची नोंदवही सुरक्षित आहे. तिची चिंता नको. रद्दीत चाललेली दुसरी वही वाचविली पाहिजे, कारण वर्गात प्रत्यक्ष काय घडले याचा पुरावा तीत आहे.