कुंपणाच्या आतला अपघात

मोटारीच्या विम्याचा कागद आपण घेतो आणि न वाचता कपाटात ठेवून देतो. शिक्षकी पेशाची खोड म्हणा, मी एकदा तो बारीक टाइपासकट वाचून काढला. गाडी भाड्याने देणे, मालवाहतूक यांच्या पंक्तीला 'संघटित शर्यत' आणि 'वेगचाचणी' बसलेल्या दिसल्या. अशा वापराला विमा लागू नाही म्हणे! आमच्या गाडीचा काटा साठीपलीकडे गेला की मागच्या सीटवरून सौ.चा आवाज येतो, तेव्हा हे कलम नेमके कुणासाठी, असा प्रश्न पडला. शोधता शोधता पोचलो थेट इंग्लंडात.

तिथे १९३०च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा, ज्याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो, तो सक्तीचा केला. (आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यात तशीच तरतूद आली, पण ती प्रत्यक्ष लागू झाली १ जुलै १९४६ पासून.) इंग्रजी कायद्यातला कळीचा शब्द होता 'रस्ता'. रस्त्यावर गाडी आणाल तर विमा हवा. कुंपणाच्या आतल्या खासगी धावपट्टीबद्दल कायदा गप्प होता.

योगायोग असा, की त्याच वर्षी ३ मे रोजी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर शर्यतीत दोन टॅलबॉट गाड्या एकमेकींना लागल्या आणि त्यांतली एक कठड्यावरून प्रेक्षकांत जाऊन पडली. तिकीट काढून आलेल्या एका जखमी प्रेक्षकाने क्लबवर दावा लावला. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला, पण अपील न्यायालयाने तो फिरवला. धावपट्टी १९०७ साली सुरू झाली, २३ वर्षांत एकही गाडी कठडा ओलांडून गेली नव्हती, मग क्लबने याची कल्पना करायची तरी कशी? शर्यत पाहायला येणारा तिच्यातला स्वाभाविक धोका पत्करूनच येतो, असे न्यायाधीशांचे म्हणणे. तर्क बिनतोड आहे. तरीही मला त्या तिकीट काढलेल्या माणसाची कणव येते.

पुढे हौशी मोटारवाल्यांनी 'ट्रॅक डे'ची प्रथा रूढ केली. क्लबने सिल्व्हरस्टोनसारखी धावपट्टी दिवसभरासाठी भाड्याने घ्यायची आणि सभासदांनी आपापल्या गाड्या मनसोक्त पळवायच्या. बक्षीस नाही, नंबर नाही. नेहमीचा वार्षिक विमा इथे बहुधा चालत नाही. त्या दिवसापुरता वेगळा विमा मिळतो, पण तो बहुतेक वेळा फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, आणि त्यातही पहिली मोठी रक्कम आपल्याच खिशातून. दुसऱ्याच्या गाडीला धडक दिली तर? ज्याचे त्याने पाहावे, अशा मजकुरावर सकाळीच सह्या झालेल्या असतात.

ही घडी विस्कटली ती एका ट्रॅक्टरमुळे. ऑगस्ट २००७ मध्ये स्लोव्हेनियात एक शेतमजूर शिडीवर चढून गवताचे गठ्ठे कोठारात रचत होता. ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर मागे घेताना शिडीला लागला आणि तो खाली पडला. ट्रॅक्टरचा विमा होता. कंपनी म्हणाली, आमचा विमा वाहनाचा, शेतीच्या यंत्राचा नव्हे. १५ हजार ९४४ युरोंचा हा दावा खालच्या न्यायालयांत हरत हरत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोचला. ४ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल लागला : वाहनाच्या नेहमीच्या कामाला धरून जो जो वापर होईल, त्याला सक्तीचा विमा लागू. जागा खासगी असली तरी!

मजुराला न्याय देणारे हे वाक्य शर्यतवाल्यांच्या उरात धडकी भरवून गेले. धावपट्टीवर पळणे हे मोटारीचे नेहमीचेच काम नव्हे काय? मग प्रत्येक स्पर्धकाला प्रत्येक स्पर्धकाविरुद्ध विमा हवा. एवढी जोखीम घ्यायला विमा कंपन्या तयार नव्हत्या. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश सरकारने लोकांची मते मागवली, तेव्हा मोटारक्रीडेच्या संस्थांनी सांगितले, की असे झाले तर खेळच बंद पडेल. मोठ्या कंपन्यांचे संघ कदाचित तगले असते. मेला असता तो शनिवार-रविवारचा हौशी माणूस.

ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर २०२२च्या एका छोट्या कायद्याने हा निकाल ग्रेट ब्रिटनच्या कायद्यातून काढून टाकला. तो ठेवला असता तर प्रत्येक विमाधारकाचा हप्ता वर्षाला सुमारे ५० पौंडांनी वाढला असता, असा सरकारचा हिशेब होता. म्हणजे पुन्हा 'रस्ता' आणि २००० साली त्याला जोडलेली 'सार्वजनिक जागा', एवढेच उरले.

युरोपने मात्र मधला मार्ग काढला, आणि तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. नोव्हेंबर २०२१च्या निर्देशानुसार बंदिस्त, आखलेल्या जागेतल्या शर्यती, सराव आणि चाचण्या यांना नेहमीच्या सक्तीच्या विम्यातून वगळता येते, पण एका अटीवर. आयोजकाने किंवा आणखी कुणी पर्यायी विमा वा हमी घेतलेली हवी. तीत प्रेक्षक आणि आसपासची माणसे यायलाच हवीत. ब्रुकलँड्सचा तो प्रेक्षक आज तिथे असता तर त्याच्यामागे काही आधार असता. भाग घेणारे चालक आणि त्यांच्या गाड्या मात्र त्या विम्यात असल्याच पाहिजेत असे नाही. हौशी चालकाने आपल्या हाडांचा विमा वेगळा उतरवावा, आणि त्यावरचाही बारीक टाइप वाचावा.