समुद्रानें परत नेलेलें बेट

गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांचें गढूळ पाणी जेथें बंगालच्या उपसागरास मिळतें, तेथील एखाद्या वाळूच्या दांड्यावर एका दिवसांत जाऊन यावयाचें असेल, तर प्रवाशानें घड्याळापेक्षां पंचांग अधिक लक्षपूर्वक पाहावें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांगाचें पाणी असतें व दांडा नीट उघडाही पडत नाहीं. नावाडी ओहोटीच्या ओढीबरोबर होडी सोडतो. दोन्ही तीरांवरील सुंदरबनाची झाडी मागें पडते, आणि जेथें थोड्या वेळापूर्वीं केवळ लाटा फुटत होत्या, तेथें ओली वाळू वर येते. दोन भरत्यांमधील अंतर सुमारें साडेबारा तासांचें. त्यांतला वाळूवर पाय ठेवण्याजोगा काळ थोडका. पाणी फिरलें कीं पाहुण्यानें होडींत बसावें, हा तेथील कायदा. कोळ्यांना तो पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. दोन राष्ट्रांच्या कागदपत्रांत मात्र तो उमटण्यास चाळीस वर्षें लागलीं. ज्या दांड्यामुळें हें घडलें, त्याची ही हकीकत आहे.

नोव्हेंबर १९७० मध्यें बंगालच्या किनाऱ्यावर जें भीषण चक्रीवादळ आलें, त्यांत लक्षावधि माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर हरियाभांगा नदीच्या मुखाबाहेर, थोड्या मैलांच्या आंत, गाळाचा एक नवा उंचवटा दिसूं लागला. १९७४ सालीं एका अमेरिकन उपग्रहाच्या चित्रांत तो टिपला गेला, तेव्हां त्याचें क्षेत्र सुमारें २,५०० चौरस मीटर, म्हणजे पन्नास मीटर लांब व तितक्याच रुंद अंगणाएवढें होतें. पुढें ओहोटीच्या वेळचें क्षेत्र सुमारें १०,००० चौरस मीटरपर्यंत वाढलें. उंची मात्र समुद्रसपाटीपासून दोन मीटरांपलीकडे कधीं गेली नाहीं. कायम वस्ती तेथें कोणाचीच नव्हती. परंतु नांवें तीन मिळालीं. भारत सरकारनें त्यास ‘न्यू मूर’ म्हटलें, पश्चिम बंगालांत तें ‘पूर्वाशा’ झालें, आणि बांगलादेशानें त्याला ‘दक्षिण तालपट्टी’ असें संबोधिलें.

इतक्याशा वाळूसाठीं दोन शेजारी कां झगडावेत? त्याचें मूळ १९४७ च्या फाळणींत आहे. सर रॅडक्लिफ यांच्या निवाड्यानें बंगालची विभागणी केली, आणि दक्षिणेच्या टोकाशीं चोवीस परगणा व खुलना या जिल्ह्यांमधील सीमा नदीच्या प्रवाहावर टेकली. परंतु तेथील नद्या एका पात्रांत स्वस्थ राहणाऱ्या नाहींत. मुख्य प्रवाह बेटाच्या पूर्वेकडून वाहतो असें भारताचें म्हणणें. तो पश्चिमेकडून वाहतो असें बांगलादेशाचें. पहिलें खरें मानलें तर बेट भारताचें, दुसरें खरें मानलें तर बांगलादेशाचें. शिवाय भूमीच्या मालकीवरून पुढच्या समुद्रावरील हक्क ठरतो. त्या समुद्रांत मासळी होती आणि तळाशीं नैसर्गिक वायु असण्याची आशा होती. भांडण दिसावयास वाळूचें होतें, वस्तुतः तें पाण्याचें होतें.

मे १९८१ मध्यें ‘संधायक’ हें भारतीय नौदलाचें सर्वेक्षण-जहाज तेथें पोंचलें. बांगलादेशानें आक्षेप घेऊन आपल्या तोफनौका पाठविल्या. त्याच सालीं बेटावर भारताचा ध्वज फडकला. सुदैवानें प्रकरण हातघाईवर आलें नाहीं. वाटाघाटी मात्र वर्षानुवर्षें रेंगाळल्या.

अखेर ऑक्टोबर २००९ मध्यें, बांगलादेशानें सागरी सीमेचा प्रश्न आंतरराष्ट्रीय लवादापुढें नेला. त्यानंतर कांहीं महिन्यांतच, मार्च २०१० मध्यें, कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठांतील सागरशास्त्राचे प्राध्यापक सुगत हाजरा यांनीं जाहीर केलें कीं, उपग्रहाच्या चित्रांत तें बेट आतां दिसत नाहीं. वादी-प्रतिवादी हजर होते. वादाची वस्तूच पाण्याखालीं गेली होती.

तरीही भारतानें सीमारेषा मोजण्याचा एक आधारबिंदु त्याच जागीं धरला होता. ऑक्टोबर २०१३ मध्यें लवादाचे सभासद स्वतः त्या प्रदेशांत पाहणीसाठीं आले. कोणत्याही प्रवाशाप्रमाणें त्यांनाही समुद्र जें दाखवील तेंच पाहतां येणार होतें. ही जागा कायमची बुडालेली आहे कीं ओहोटींत वर येते, हें त्या पाहणीवरून स्पष्ट झालें नाहीं. १९८२ च्या समुद्रविषयक करारान्वयें भरतीच्या वेळींही जी नैसर्गिक भूमि पाण्याबाहेर राहते, तिलाच ‘बेट’ म्हणावें असा नियम आहे. लवादानें तर त्याहूनही सरळ निर्णय दिला: ती जागा ओहोटींत दिसो वा न दिसो, सीमेचा आधारबिंदु होण्यास ती योग्य नाहीं.

७ जुलै २०१४ रोजीं निवाडा झाला. वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरांपैकीं १९,४६७ बांगलादेशाच्या वांट्यास आले. पांच सभासदांपैकीं भारताचे डॉ. पेम्माराजू श्रीनिवास राव यांनीं कांहीं मुद्द्यांवर भिन्नमत नोंदविलें. जेथें बेट होतें ती जागा मात्र रेषेच्या भारतीय बाजूस राहिली. दोन्ही सरकारांनीं निकाल मान्य केला. भारताला बेटाची जागा मिळाली, परंतु बेट मिळालें नाहीं. बांगलादेशाला समुद्राचा मोठा भाग मिळाला, तो बेटाच्या आधारावांचून.

निर्जन वाळू बुडाली म्हणून कोणाच्या घरचा दिवा विझला नाहीं. परंतु याच किनाऱ्यावर, पश्चिमेस हुगळीच्या मुखाशीं, लोहाचरा नांवाचें वस्तीचें बेट पाण्यानें गिळलें आणि त्याच्या शेजारच्या घोडामारा बेटाची निम्म्याहून अधिक जमीन खचली. तेथील अनेक कुटुंबें सागर बेटावर जाऊन राहिलीं. त्यांच्या शेतांसाठीं कोणी युद्धनौका धाडल्या नाहींत, कीं तेथें कोणी ध्वज रोवला नाहीं. समुद्राची चढती पातळी, किनाऱ्याची धूप आणि वादळें यांना पूर्वाशा आणि घोडामारा यांतील भेद ठाऊक नाहीं. तो भेद माणसांनींच ओळखावयाचा आहे. सीमेचा प्रश्न एका निवाड्यानें मिटला. पाण्याबरोबर सरकत जाणाऱ्या माणसांनीं कोठें राहावें, हा प्रश्न मात्र प्रत्येक उधाणाबरोबर पुन्हां किनाऱ्याला येऊन लागतो.