यंत्राच्या पोटातलं टपाल

मंडळी, गेल्या महिन्यात नातवाने माझ्या लॅपटॉपच्या पोटात आमचा जुना विंडोज ९८ चा संगणक बसवून दिला. म्हणजे त्याच्या डिस्कची प्रत, आभासी यंत्रात. आमच्या हिने गावच्या इतिहासाची टिपणं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकली होती. ही जाऊन सहा वर्षं झाली. टिपणं दिसली! पण बाहेर काही निघेनात. "आजोबा, त्याला नेटवर्क दिलंच नाहीये अजून."

मी इतिहासाचा मास्तर. म्हटलं, या भिंतीला दार पहिल्यांदा कोणी पाडलं ते तरी पाहू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या केंब्रिजला, आयबीएमच्या केंद्रात. रॉबर्ट क्रीसी आणि मंडळींनी १९६० च्या दशकात एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक केले. प्रत्येकाला वाटावं, अख्खं यंत्र माझंच. एकमेकांपासून पक्क्या भिंती. पण शेजाऱ्याला फाईल द्यायची कशी? तेव्हा खऱ्या यंत्रांना पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं लागत, म्हणून आभासी यंत्रांनाही आभासी कार्डयंत्रं दिलेली होती. त्यातूनच वाट निघाली. एकाने आभासी कार्डं पाडायची, ती दुसऱ्याच्या आभासी वाचकयंत्रात जाऊन पडायची. ८० रकान्यांची कार्डं, पण पुठ्ठा कुठेच नाही! पुढे एडसन हेन्ड्रिक्स यांनी एक आभासी यंत्र केवळ पोस्टमन म्हणून बसवलं. ते हा गठ्ठा उचलून तारेवरून दूरच्या संगणकाकडे धाडी. १९८१ मध्ये न्यूयॉर्कचं सिटी विद्यापीठ आणि येल यांनी सुरू केलेलं बिटनेट याच पद्धतीवर उभं राहिलं.

नंतर भिंती वाढल्या. १९९८ च्या व्हीलॅन मानकात जाळ्याच्या क्रमांकाला १२ बिट दिले. वापरता येणारे क्रमांक फक्त ४०९४. भाड्याने यंत्रं देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ते अपुरे पडले. २०१४ मध्ये व्हीएक्सलॅनने २४ बिट दिले, दीड कोटीच्या वर. (दोनाचे घात मुलांना निरुपयोगी वाटायचे!)

असो. नातवाने तीन पर्याय सांगितले. ब्रिज, म्हणजे भाडेकरूची स्वतंत्र टपालपेटी. नॅट, म्हणजे पत्रं घरमालकाच्या नावाने, आत वाटप तो करणार. आणि होस्ट-ओन्ली, वाड्यात फिरा, वेशीबाहेर नाही. त्याने तिसरा निवडला. विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती २००६ मध्येच थांबली, ते उघड्यावर सोडणं धोक्याचं. मला पटलं.

त्या संध्याकाळी टिपणं एकेक करून इकडे आली. इकडे ती उघडली की नुसती गिचमीड दिसते. ती युनिकोडमध्ये बदलून, चुका हाताने दुरुस्त करत बसलोय. वेशीच्या मारुतीपर्यंत आलोय.