पृथ्वीबाहेरील जीव आणि हौशी जिज्ञासु

आकाशांतील इतर गोलांवर सजीव आहेत काय, हा प्रश्न हौशी मनुष्यास शास्त्रज्ञाइतकाच प्रिय असतो. परंतु आवडता प्रश्न विचारणें निराळें आणि आवडतें उत्तर धरून बसणें निराळें. १८७७ सालीं स्किआपारेली या इटालियन ज्योतिर्विदास मंगळावर रेषा दिसल्या. त्यानें त्यांस दिलेल्या नांवाचा अर्थ नैसर्गिक चर असाहि होऊं शकत होता. इंग्रजींत मात्र त्यांचे 'कालवे' झाले, आणि कालवे आले म्हणजे ते खोदणारेहि ओघानेंच आले! १९६५ सालीं मरिनर-४ या यानानें जवळून छायाचित्रें घेतलीं, तेव्हां तेथें कालव्यांचा मागमूसहि आढळला नाहीं.

आमच्या मुंबईंत या जिज्ञासेस चांगलें वळण लाभलें. डॉ. जयंत नारळीकर १९७२ ते १९८९ या काळांत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते, व त्यांनीं मराठी वाचकांस विज्ञानकथेची गोडी लाविली. १९७७ सालीं वरळीस नेहरू तारांगण सुरू झालें. १९८५ सालीं, हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास, खगोल मंडळ निघालें. गिरगांव, दादर, लालबाग येथील दिव्यांच्या झगमगाटांत तारे लोपतात. म्हणून ही हौशी मंडळी लोकलनें वांगणीस जाऊन रात्र जागवितात.

धूमकेतूंबरोबर सूक्ष्म जीव पृथ्वीवर येत असावेत, असें मत फ्रेड हॉइल व चंद्र विक्रमसिंघे यांनीं मांडिलें होतें. हॉइल हे नारळीकरांचे गुरु. ही कल्पना नुसती वादाची न ठेवतां नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती कसोटीस लाविली. २००१ व २००५ सालीं हैदराबादेहून प्रचंड फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. २००५ च्या नमुन्यांत जंतूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांपैकीं एकीस हॉइल यांचें नांव दिलें. परंतु २००९ सालीं हें जाहीर करतांना भारतीय अवकाश संशोधन संस्थेनें स्पष्ट सांगितलें कीं, हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असें यावरून निर्णायकपणें सिद्ध होत नाहीं. भूमीवरील जंतूच वर गेले असतील, ही शंका उरतेच.

नारळीकर मे २०२५ मध्यें निवर्तले. प्रश्न अद्याप उघडाच आहे. हौशी मनुष्यानें या प्रयोगापासून एक गोष्ट घ्यावी, असें आम्हांस वाटतें. गुरूचें मत पाठीशीं होतें, तीन नव्या जाती हातीं होत्या. तरीहि जें सिद्ध झालें नव्हतें, तें सिद्ध झालें असें म्हटलें गेलें नाहीं.