लहान छेदाचा इतिहास

वसईचे नाव निघाले की चिमाजीअप्पांचा मोर्चा आणि 1739 चा मे महिना मराठी वाचकांस आठवतो. त्याच किल्ल्यालगत पाचूबंदरचा कोळीवाडा आहे. ओली, जड जाळी होडीत ओढून घेणाऱ्या पुरुषांचे आणि मासळीची पाटी डोईवर वाहणाऱ्या स्त्रियांचे हे गाव. येथे चरितार्थाचा सारा भार कंबरेवर पडतो. म्हणून मणक्याच्या व्याधीचा विचार करण्यास याहून योग्य स्थळ शोधावे लागू नये.

कंबरेतून निघून मांडीमागून टाचेपर्यंत उतरणाऱ्या कळेस आयुर्वेदाने ‘गृध्रसी’ म्हटले. लोकभाषेत आज ‘गादी सरकली’ असे म्हणतात. दोन मणक्यांमधील मऊ चकतीचा गाभा फाटलेल्या कडेतून मागे येतो आणि मज्जातंतूच्या मुळावर दाब पडतो, हे त्याचे कारण होय. अशा रोग्यास हल्ली ‘दुर्बिणीने, बोटाच्या पेरापेक्षाही लहान छेदातून शस्त्रक्रिया होईल’ असे सांगितले जाते आणि घरची माणसे निःश्वास सोडतात. छेद लहान, तेव्हा धोकाही लहान, असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. हे अनुमान कितपत खरे, याचे उत्तर या शस्त्रक्रियेच्या इतिहासात सापडते.

आरंभी या गाभ्याच्या तुकड्यास शल्यवैद्य कूर्चेची गाठ समजत. 1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोघांनी ती गाठ म्हणजे चकतीचाच निसटलेला भाग असल्याचे दाखविले आणि शस्त्रक्रियेस शास्त्रीय पाया मिळाला. परंतु तिची रीत कठोर होती. पाठीवर लांब छेद घ्यावयाचा, स्नायू हाडापासून सोडवावयाचे, मणक्याच्या कमानीचा भाग कापावयाचा आणि मग तंतूपाशी पोचावयाचे! दुखणे जाई, परंतु वाटेत पुष्कळच मोडतोड होई. ही मोडतोड कमी करणे हाच पुढील नव्वद वर्षांचा ध्यास झाला.

त्या ध्यासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आपल्या परसातील पपईचे आहे. 1956 साली लुईस थॉमस या अमेरिकन वैद्याने पपईच्या चिकातील पाचक द्रव्य सशांच्या शिरेत टोचले, तो त्यांचे ताठ कान लुळे पडले. कूर्चा विरघळते, मग चकती का विरघळू नये? या विचाराने लायमन स्मिथ याने त्याच चिकातील दुसरे एक द्रव्य चकतीत टोचण्याचा उपचार काढला आणि 1964 साली प्रसिद्ध केला. अमेरिकन शासनाची संमती 1982 साली मिळाली. येथे छेदच नव्हता, केवळ सुई होती. तथापि काही रोग्यांस त्या द्रव्याची प्राणघातक विषमता झाली, तर क्वचित कोणाचे पाय कायमचे लुळे पडले. उपचारावरचा विश्वास ओसरला आणि 2003 पर्यंत तेथील विक्रीही थांबली. जखम नाही, म्हणून जोखीम नाही, हा भ्रम पपईने कायमचा घालविला.

दरम्यान 1975 साली जपानात हिजिकाता याने त्वचेतून नळी घालून चकतीचा भाग काढला. 1977 च्या सुमारास यासार्गिल व कास्पर यांनी सूक्ष्मदर्शकाचा उपयोग रूढ केला. 1997 साली फोली व स्मिथ यांनी नळीतून दुर्बीण आत नेली. आपल्याकडे डॉ. राम गिंडे यांनी 1951 च्या सुमारास मुंबईत मज्जासंस्थेच्या शल्यविद्येचा पाया घातला. पुढे गोमंतकीय डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मणक्याच्याच शस्त्रक्रियेस आयुष्य वाहिले. त्यांच्या आत्मचरित्राचे ‘ताठ कणा’ हे नावच बोलके आहे.

आता हिशेब पाहू. छेद लहान केल्याने स्नायू वाचतात, रक्त कमी जाते, रोगी लवकर चालू लागतो. परंतु मज्जातंतू आहे तेथेच असतो आणि त्याचे आवरणही पूर्वीइतकेच नाजूक असते. ते आवरण फाटणे, तंतूस इजा होणे, चकतीत पू होणे, भलत्याच मणक्यावर शस्त्र चालणे, गाभा पुन्हा निसटणे, आणि अगदी क्वचित पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीस जखम होणे, हे धोके नळीबरोबर नाहीसे झाले नाहीत. उलट अरुंद वाटेत दृष्टी आखडते. म्हणून हात पुरता बसेपर्यंत शल्यवैद्यास दीर्घ अभ्यास लागतो. 2009 साली हॉलंडमधील 328 रोग्यांच्या तुलनेत नळीची शस्त्रक्रिया नेहमीच्या सूक्ष्मदर्शकी शस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही. तेथेच 2022 साली 613 रोग्यांत दुर्बिणीची पद्धत पायाच्या कळेपुरती खुल्या पद्धतीहून कमी पडत नाही, असे दिसले. दोन्ही निष्कर्षांचे तात्पर्य एकच: पद्धती तोलामोलाच्या आहेत, तेव्हा निवड करताना छेदाच्या लांबीआधी हाताचा अनुभव पाहावा.

याहून मोठा प्रश्न शस्त्रक्रिया करावी की नाही, हा आहे. 2007 च्या डच अभ्यासात 283 रोगी होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लवकर गेली. परंतु वर्षाअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे 95 टक्के रोगी बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी सुमारे 39 टक्क्यांस मात्र वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे बहुतेकांस धीर धरता येतो, आणि धीर धरण्याने बहुधा काही बिघडत नाही.

पाचूबंदरच्या नाखव्यास हा धीर सोपा नाही. हंगामात घरी बसणे म्हणजे चूल थंडावणे. त्यामुळे तो दुखणे दडपून पावसाळ्यातील बंदीची वाट पाहतो. साध्या कळेस ही वाट पाहणे बहुधा चालते. परंतु लघवी अडली, जांघेत बधिरता आली, किंवा पाय झपाट्याने लुळा पडू लागला, तर एक दिवसही दवडू नये. तेथे विलंबाचा धोका शस्त्राच्या धोक्याहून फार मोठा असतो. तसेच शस्त्रक्रियेनंतर पाठीवरचा व्रण दिसेनासा झाला, म्हणून आतील चकती सांधली असे होत नाही. घाईने जाळ्यास हात घालणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. वैद्यास ‘छेद केवढा?’ असे विचारण्याआधी घरच्यांनी ‘आताच करणे अवश्य आहे काय, आपण अशा किती केल्या आहेत, आणि कामावर केव्हा जाता येईल?’ हे तीन प्रश्न विचारावेत.