रोजकीर्द की खतावणी? स्कोअरच्या वहीची गोष्ट

आमच्या शहपुऱ्यात हिवाळा लागला की टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. तिथे माइकवर बोलणारी मुले मला नेहमी विचारतात, "साहेब, स्कोअरसाठी वही कोणती घ्यावी?" आज त्याचे उत्तर देतो. पण वाट इतिहासातून जाते, कारण वहीत जो रकाना नसतो, ती गोष्ट पुढच्या पिढीला कळत नाही.

दुकानदाराच्या दोन वह्या तुम्हाला माहीत आहेत. रोजकीर्दीत व्यवहार जसा घडला त्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावावर जातो. फौजेतही हाच भेद आहे: भांडाराचे रजिस्टर वस्तूंप्रमाणे, वॉर डायरी वेळेप्रमाणे.

बाजारात मिळणारी स्कोअरबुक ही खतावणी आहे. वर फलंदाजांची नावे, खाली गोलंदाजांचे चौकोन. तिचा मोठा गुण म्हणजे ताळा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण धावा. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेगबाय आणि दंडाच्या धावा, तरी तेवढ्याच यायला हव्यात. निकालावरून भांडण झाले तर हीच वही कामाची.

पण तिची मर्यादा पाहायची असेल तर पुण्याला चला. डिसेंबर 1948, पूना क्लबचे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443, महाराष्ट्र 4 बाद 826. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम होता नाबाद 452. तिसऱ्या दिवशी काठियावाडने पुढे खेळायला नकार दिला, सामना सोडून दिला, आणि निंबाळकर 9 धावांनी मागे राहिले. त्यांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. म्हणजे ही खेळीच त्यांची मिळकत. तिच्याबद्दल छापील धावफलक काय सांगतो? 494 मिनिटे, 49 चौकार, 1 षटकार. किती चेंडू, कोणत्या गोलंदाजाला किती धावा, कोणत्या तासात वेग वाढला, यातले काही त्यात नाही.

आता लॉर्ड्स, 7 जून 1975. सुनील गावसकर 60 षटके खेळून नाबाद 36. ते 174 चेंडू आपल्याला तोंडपाठ आहेत. विसरावीशी खेळी चेंडूसकट राहिली आणि अभिमानाची खेळी मिनिटांवर राहिली! चेंडू मोजण्याची सवय तोवर रुळली होती, एवढेच त्याचे कारण.

क्रिकेटची रोजकीर्द रुजवण्यात बिल फर्ग्युसन या ऑस्ट्रेलियन स्कोअररचा मोठा वाटा. 1905 पासून तो संघांबरोबर दौरे करत होता. त्याच्या पद्धतीत एका षटकाला एक ओळ: घड्याळातली वेळ, कोणत्या टोकाने कोण गोलंदाज, समोर कोण फलंदाज, त्याने काय केले, शेवटी एकूण धावा आणि शेरा. 1966 पासून बीबीसी रेडिओवर बसणाऱ्या बिल फ्रिंडॉलने ती आणखी घोटली.

रेडिओला ही वही का हवी? आपल्याकडे सुरुवातीला बॉबी तल्यारखान एकटेच बोलत, माइक दुसऱ्याला देत नसत. पुढे समालोचकांच्या शेजारी आकडेवाला बसू लागला. आकाशवाणीवर आनंदजी डोसा, नंतर सुधीर वैद्य. बाळ ज. पंडितांनी मराठीतून धावते समालोचन केले, तेव्हा श्रोत्याच्या डोळ्यांसमोर मैदान उभे करायचे होते. "गेली चार षटके एकही धाव नाही" हे वाक्य खतावणीतून पटकन निघत नाही, रोजकीर्दीत ते समोर दिसते.

बेसबॉलवाल्यांनी हे फार आधी ओळखले. त्यांच्या नोंदीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मला, आधी क्रिकेटवर लिहायचा. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक फलंदाजाच्या प्रत्येक पाळीला एक चौकोन, आणि क्षेत्ररक्षकांना 1 ते 9 क्रमांक. 6-4-3 लिहिले की चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला आणि दोघे कसे बाद झाले, हे वाचणाऱ्याला कळते. आपल्या वहीत झेल आणि यष्टिचीत सोडले तर क्षेत्ररक्षकाचे नाव क्वचितच येते. वीस धावा अडवणारा मुलगा कागदावर नसतोच.

तर माझा सल्ला ऐका. घरी मॅच बघत मजेसाठी लिहिणार असाल, तर साधी स्कोअरबुक पुरे. माइकवर बसणार असाल, तर षटकाला एक ओळ असलेले आडवे कागद घ्या. दोनशे पानी वहीत पट्टीने आखले तरी चालतील. वही पूर्ण सपाट उघडली पाहिजे. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा, त्यात सुटलेले झेल आणि अडवलेले चौकार लिहा. पेन्सिल वापरा. आणि शक्य असेल तर दोघे बसा, एक खतावणी, एक रोजकीर्द; दर षटकानंतर धावा जुळवून घ्या.

मोठ्या सामन्यांची नोंद आता यंत्रे ठेवतात. शहपुऱ्याच्या मैदानावर नाबाद 80 करणाऱ्या पोराची नोंद ठेवणारे तुम्हीच. त्याच्या नातवाने विचारले, आजोबा कसे खेळले, तर उत्तर तुमच्या वहीत सापडले पाहिजे.

जय हिंद. पुढच्या भागात भेटू.