एका आर्चबिशपाचा राजीनामा

अधिकारपद सोडणाऱ्याची स्तुति जगांत लवकर होते. परंतु त्यानें तें कोणत्या वेळीं सोडलें आणि त्याच्या मागून तेथें कोण यावयाचें होतें, हें सहसा कोणी पाहत नाहीं. मुंबईच्या कॅथलिक धर्मपीठावरून आल्बन गुडियर आणि थॉमस रॉबर्ट्स हे दोन इंग्रज जेझुइट आर्चबिशप वयाच्या ५७ व्या वर्षींच निवृत्त झाले. त्या काळीं बिशपानें बहुधा मरेपर्यंत पदावर राहावें असा शिरस्ता होता. तथापि या दोन राजीनाम्यांत मोठें अंतर आहे.

त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. पूर्वेकडील देशांत धर्मप्रसार करावा या बोलीवर पोपांनीं पोर्तुगालच्या राजास बिशप सुचविण्याचा हक्क दिला होता. त्यास पाद्रोआदो म्हणत. पुढें १६२२ सालीं रोमनें धर्मप्रसारासाठीं प्रोपागांडा ही स्वतःची संस्था स्थापिली, आणि दोहोंचा तंटा सुरू झाला. मुंबई बेट १६६१ च्या तहानें इंग्रजांस आंदण मिळालें. १७२० मध्यें त्यांनीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांस बेटांतून काढून रोमच्या प्रतिनिधीस आणलें; १७९४ पासून तर एकाच शहरांत दोन धर्मसत्ता नांदूं लागल्या. कांहीं चर्चें एकीकडे, कांहीं दुसरीकडे!

१९१९ सालीं नेमलेले गुडियर या दुहीपुढें थकले व १९२६ मध्यें त्यांनीं पद सोडलें. मागील व्यवस्था अर्थातच राजदरबारांच्या हातीं गेली. १९२८ च्या करारानें दोन सत्तांची एक सत्ता झाली खरी. पण मुंबईचा आर्चबिशप पाळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, असेंही त्यांत ठरलें. वसई-साष्टीचे मराठी बोलणारे ईस्ट इंडियन, गोमंतकीय, मंगळूरकर, ज्यांच्यासाठीं हें पीठ, त्यांच्यापैकीं कोणाचीही पाळी त्या करारांत नव्हती.

या करारान्वयें प्रथम पोर्तुगीज लीमा आले. ते १९३६ मध्यें वारल्यावर १९३७ सालीं रॉबर्ट्स आले. हें पीठ हिंदी माणसाच्या हातीं गेलें पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला. परंतु त्यांनीं नुसता राजीनामा दिला असता तर पुढची पाळी पोर्तुगालची होती. त्यागाचें पुण्य पदरीं पडलें असतें आणि हेतु मात्र बुडाला असता. म्हणून १९४६ मध्यें व्हॅलेरियन ग्रेशियस यांस साहाय्यक बिशप करण्यांत आलें. ग्रेशियस १९०० सालीं कराचीस गोमंतकीय आईबापांच्या पोटीं जन्मलेले. कारभार त्यांच्यावर सोंपवून रॉबर्ट्स मुंबईहून निघून गेले. नांव त्यांचें, काम ग्रेशियसांचें, अशीं चार वर्षें गेलीं.

या व्यवस्थेवर आक्षेप घेतां येईल. मेंढपाळ दूर आणि कळप येथें, ही कांहीं आदर्श स्थिति नव्हे. शिवाय जबाबदारी एकाकडे व पदवी दुसऱ्याकडे असली म्हणजे काम करणाराची कुचंबणा होते. पण दुसरा मार्ग कोणता होता? हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर तो जुना करार टिकणें अवघडच होतें. जुलै १९५० मध्यें पोर्तुगालनें आपला हक्क सोडला. मगच रॉबर्ट्सांचा राजीनामा अमलांत आला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्यें ते हिंदुस्थानचे पहिले कार्डिनल झाले.

रॉबर्ट्स पुढें १९७६ पर्यंत जगले, पण धर्मप्रांत त्यांस पुन्हा मिळाला नाहीं. १९५४ सालीं त्यांनीं पुस्तक लिहिलें तें अधिकाराच्या उपयोगावर व दुरुपयोगावर. तसें लिहिण्याचा अधिकार त्यांनीं कमावला होता.

गुडियरांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण त्यांनीं जागा रिकामी केली. रॉबर्ट्सांनीं ती योग्य माणसासाठीं राखून मग रिकामी केली. १९५० नंतर त्या पीठावर जे जे बसले ते सारे याच देशाचे. आतां पाळी कोणाची, हा प्रश्न मुंबईंत पुन्हा निघाला नाहीं.